पातेल्यातला रेडिओ

१९२८ साली झांझिबारहून एक गायिका बोटीनं मुंबईला आली. तिचं नाव सिती बिंती साद. आईनं घडवलेली मातीची भांडी ती दारोदार विकायची आणि विकताना जी हाळी द्यायची, तीच लोकांच्या कानात राहिली. झांझिबारमधलं ‘ताराब’ हे दरबारी गाणं तोवर अरबीत चालायचं. सितीनं ते स्वाहिलीत, म्हणजे बाजारपेठेतल्या माणसांच्या बोलीत आणलं. तिच्या गाण्याची तबकडी काढायची तर पूर्व आफ्रिकेत तशी सोयच नव्हती, म्हणून ‘एचएमव्ही’साठी ती आणि तिचे साथीदार समुद्र ओलांडून आले. दोन-तीन वर्षांत तिची शंभराहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित झाली. पूर्व आफ्रिकेतल्या एका बाईचा आवाज तबकडीवर पहिल्यांदा उतरला तो आपल्या मुंबईत. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि तेव्हापासून आफ्रिकेतलं गाणं आणि रेडिओ यांची हकिगत वाचायचा, ऐकायचा नादच लागला.

तबकडी निघाली तरी ती वाजवायला ग्रामोफोन लागतो आणि ग्रामोफोन घ्यायला पैसे लागतात. शहरातल्या कॉफीच्या दुकानात गर्दी करून लोक ऐकत, पण खेड्यात काय? तिथे गाणं नेलं ते रेडिओनं. तेही लगेच नाही. आधी खेड्यातल्या माणसाला परवडेल असा रेडिओ कुणीतरी बनवायला हवा होता.

तो बनला १९४९ मध्ये. आजचा झांबिया तेव्हा उत्तर ऱ्होडेशिया होता. लुसाकामध्ये सरकारी माहिती खात्याचा प्रमुख होता हॅरी फ्रँकलिन. वीज नसलेल्या घरात बॅटरीवर चालेल असा स्वस्त संच बनवून द्या, म्हणून त्यानं ब्रिटनमधल्या कंपन्यांचे उंबरे झिजवले. शेवटी ‘एव्हर रेडी’ ही बॅटऱ्या बनवणारी कंपनी तयार झाली. नमुन्याचा संच बसवायला खोकं हवं होतं, तर ॲल्युमिनियमचं पातेलंच वापरलं. तोच आकार पुढे कायम झाला आणि नाव पडलं ‘सॉसपॅन स्पेशल’. गोल, निळा रंग दिलेला, मध्ये जाळी. किंमत पाच पौंड, बॅटरीचे पंचवीस शिलिंग वेगळे. ती बॅटरी सुमारे तीनशे तास चालायची. खाणीत राबणाऱ्या मजुराला ही रक्कम सोपी नव्हतीच, पण आवाक्याबाहेरचीही नव्हती. पैसे साठवून लोक संच घेत, आणि एका घरी तो आला की आळी जमायची.

पातेल्यातून ऐकू काय यायचं, हा खरा प्रश्न. लुसाकाच्या केंद्रानं इंग्रजी गाण्यांवर भागवलं नाही. कार्यक्रम बेम्बा, न्यांजा, टोंगा, लोझी अशा भाषांतून सुरू झाले आणि ध्वनिमुद्रणाची गाडी गावोगाव फिरू लागली. कुठे लग्नातली गाणी, कुठे ढोल, कुठे बोटांनी वाजणारं कलिंबा. जे आवाज तोवर आपल्या शिवाराबाहेर कधी गेले नव्हते, ते शेकडो मैलांवरच्या माणसांनी ऐकले. ॲलिक न्खाता हा याच केंद्रातला निवेदक. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढून आला होता. परत आल्यावर गिटार घेऊन तो जुन्या लोकगीतांना नव्या चालीत बांधू लागला आणि त्याच माइकसमोर ती गाऊ लागला. शहरात कामाला गेलेला तरुण, गावी राहिलेली बायको, घरी न येणारं पत्र, हे सगळं त्याच्या गाण्यात असे. १९७८ मध्ये शेजारच्या ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, फौजेच्या हल्ल्यात तो मारला गेला. आज झांबियाचं राष्ट्रीय नभोवाणी केंद्र ज्या रस्त्यावर उभं आहे, त्याला त्याचंच नाव आहे.

गाणं आणि बातमी यांची ताटातूट आपण करतो. आफ्रिकेतल्या रेडिओनं ती फारशी मानली नाही. जानेवारी १९६० मध्ये बेल्जियन काँगोचं भवितव्य ठरवायला ब्रसेल्समध्ये गोलमेज परिषद भरली. पुढाऱ्यांसोबत जोसेफ कबासेले आणि त्याचा ‘आफ्रिकन जॅझ’ हा वाद्यवृंदही तिथे गेला होता. स्वातंत्र्य मिळणार हे ठरताच त्यांनी तिथेच ‘अँदेपाँदाँस चा चा’ हे गाणं बांधलं. त्यात पुढाऱ्यांची नावं आहेत, पक्षांची नावं आहेत. लिंगाला भाषेतली ती बातमीच होती, फक्त तिच्यावर पाय थिरकत होते. रेडिओनं ते गाणं काँगोच्या सीमेबाहेर नेलं, आणि स्वातंत्र्याची वाट बघणाऱ्या इतर देशांनीही ते आपलं मानलं.

नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांत रेडिओ केंद्र हाच स्टुडिओ, हाच दफ्तरखाना. मालीचा थोर गिटारवादक अली फार्का तुरे १९८० पर्यंत रेडिओ मालीमध्ये ध्वनितंत्रज्ञ म्हणून नोकरीला होता. त्याची सुरुवातीची कितीतरी गाणी त्या केंद्रातच मुद्रित झाली. गिनीमध्ये सरकारनं वाद्यवृंदांना पगार दिला आणि त्यांचं गाणं रेडिओवर साठवलं. १९८५ च्या बंडात कोनाक्रीच्या केंद्रावर तोफगोळे पडले, तेव्हा सगळं गेलं असंच लोक धरून चालले होते. पण बऱ्याच फिती वाचल्या होत्या. ग्रेम काउन्सेल हा ऑस्ट्रेलियन संशोधक ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीनं तिथे बसला आणि एकेक रीळ पुसून, लावून त्यानं नऊ हजारांहून अधिक गाणी संगणकावर उतरवली.

याच कोनाक्रीत दुसरी एक गोष्ट सुरू झाली होती. लिओ सार्किसियन हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये वाढलेला, आर्मेनियन घरातला चित्रकार. हॉलिवूडमधल्या एका लहान ध्वनिमुद्रण कंपनीसाठी तो पाकिस्तान, अफगाणिस्तान करत पश्चिम आफ्रिकेत पोहोचला. १९६३ मध्ये एडवर्ड मरो हा नामवंत वृत्तनिवेदक जिने चढून त्याच्या कोनाक्रीतल्या घरी गेला आणि त्यानं ‘व्हॉईस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी सरकारच्या नभोवाणीसाठी काम करायला सांगितलं. १९६५ मध्ये ‘म्युझिक टाइम इन आफ्रिका’ सुरू झाला.

या कार्यक्रमातली जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते ती अशी: सार्किसियन खांद्याला टेपरेकॉर्डर लावून देशोदेशी फिरला, स्थानिक केंद्रांत बसून त्यानं वादकांना मुद्रित केलं, आणि त्या मुद्रणाची प्रत त्या केंद्राला ठेवायला दिली. केंद्रांनी आपल्या फिती त्याला दिल्या. देवघेव होती, लूट नव्हती. भेटलेल्या माणसांची रेखाचित्रंही तो काढत असे. मग शॉर्टवेव्हवरून आठवड्याच्या आठवड्याला घानाच्या श्रोत्याला इथिओपिया ऐकू यायचा आणि नायजेरियाच्या श्रोत्याला मादागास्कर. वसाहतवाद्यांनी आखलेल्या सीमांमुळे शेजारच्या देशाचं गाणं लोकांना सहज मिळत नसे. ते त्यांना फिरून अमेरिकेतून ऐकावं लागलं, हे दुखरं आहे, पण खरं आहे. अमेरिकी सरकारचा प्रचार हाही त्या नभोवाणीचा हेतू होताच. तरीही या माणसानं गाण्याशी प्रामाणिकपणा सोडला नाही. २०१२ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवव्या वर्षी, तो निवृत्त झाला. २०१८ मध्ये गेला. त्याच्या संग्रहाचं जतन करायला मिशिगन विद्यापीठानं हात दिला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या एका आदेशानं ‘व्हॉईस ऑफ अमेरिका’चे कर्मचारी सक्तीच्या रजेवर गेले आणि ती नभोवाणी जवळजवळ मुकी झाली. सार्किसियननं फिती जपल्या नसत्या, तर त्या गाण्यांचं काय झालं असतं?

आपल्याकडे नैरोबी, दारेसलाम, झांझिबार, मोझांबिक इथे नोकरी-धंद्यासाठी राहून परतलेली घरं आहेत. गोव्यात तर खूपच. माळ्यावर, जुन्या ट्रंकेत स्वाहिली किंवा पोर्तुगीज नावाच्या काळ्या तबकड्या, रिळं सापडली तर भंगारात घालू नका. उन्हापासून लांब, उभ्या ठेवा, लेबलचा फोटो काढा आणि एखाद्या विद्यापीठाच्या संगीत विभागाला किंवा ध्वनिसंग्रहालयाला कळवा. सितीची एखादी तबकडी अजूनही मुंबईतल्याच कुणाच्या घरात असू शकते.