निरोधक चेतापेशी आणि मेंदूतील लयबद्धता

३.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण चेतापेशीची रचना आणि संदेशवहन यांचा परिचय करून घेतला. एक पेशी दुसरीला उत्तेजित करते आणि संदेश पुढे जातो, असे चित्र त्यावरून मनात उभे राहते. हे चित्र अपुरे आहे. प्रत्येक पेशी पुढच्या पेशीला केवळ उत्तेजितच करीत राहिली, तर क्षणार्धात मेंदूत उत्तेजनाचा वणवा पसरेल. तसे होत नाही, कारण मेंदूच्या बाह्यकात इतर पेशींना रोखून धरणाऱ्या पेशीही असतात. मात्र रोखणे एवढेच त्यांचे कार्य नाही. विखुरलेल्या पेशींना एका वेळी कार्यरत करण्याचे कामही त्याच करतात. हे कसे घडते, ते या घटकात पाहू.

३.२ उत्तेजक आणि निरोधक पेशी

बाह्यकातील सुमारे ८० टक्के चेतापेशी उत्तेजक असतात. त्यांतील बहुसंख्य पेशींचा आकार पिरॅमिडसारखा असल्याने त्यांना पिरॅमिड पेशी म्हणतात. ग्लुटामेट या रसायनाद्वारे त्या संदेश देतात. त्यांचे अक्षतंतू मेंदूच्या दूरच्या भागांपर्यंतही पोहोचतात. उर्वरित सुमारे २० टक्के पेशी निरोधक आंतरचेतापेशी होत. त्या गॅबा या रसायनाचा वापर करतात आणि त्यांचे अक्षतंतू बहुधा जवळच्या परिसरातच पसरलेले असतात. १९०६ चे नोबेल पारितोषिक कामिल्लो गोल्जी यांच्यासमवेत मिळवणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी अशा आखूड अक्षतंतूच्या पेशींची बारकाईने चित्रे काढली होती.

३.३ जोडणीची रचना

निरोधक पेशी संख्येने कमी असूनही प्रभावी ठरतात. पिरॅमिड पेशीच्या नेमक्या कोणत्या भागावर त्या नियंत्रण ठेवतात, यात या प्रभावाचे रहस्य आहे. त्यांचे तीन प्रमुख प्रकार लक्षात ठेवावेत.

(अ) टोपली पेशी : यांच्या तंतूंची टोके पिरॅमिड पेशीच्या मुख्य देहाभोवती टोपलीसारखी विणलेली असतात. एक टोपली पेशी शेजारच्या असंख्य पिरॅमिड पेशींना एकाच वेळी रोखू शकते.

(आ) झुंबर पेशी : या अक्षतंतूच्या आरंभभागाशी जोडलेल्या असतात. विद्युत्-संदेश येथेच निर्माण होत असल्याने ही जागा मोक्याची असते.

(इ) मार्टिनॉटी पेशी : या पिरॅमिड पेशीच्या दूरवरच्या वृक्षिकांवर, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या शाखांवर, परिणाम करतात. संदेश बाहेर कधी जावा यापेक्षा कोणता संदेश आत यावा, यावर त्यांचे नियंत्रण अधिक असते.

याखेरीज काही निरोधक पेशी मार्टिनॉटी पेशींनाच रोखतात. रोखणाऱ्यालाच रोखल्यामुळे पिरॅमिड पेशी मोकळी होते.

निरोधक पेशी परस्परांशीही जोडलेल्या असतात. १९९९ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी असे दाखवले, की बाह्यकातील एकाच प्रकारच्या निरोधक पेशी विद्युत्-संधींनीही जोडलेल्या असतात. या संधीतून विद्युत्प्रवाह रसायनाच्या मध्यस्थीवाचून थेट शेजारच्या पेशीत जातो. त्यामुळे या पेशी जवळजवळ एकाच क्षणी कार्यरत होऊ शकतात.

३.४ लय कशी निर्माण होते?

लेझमीचा मेळा डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक जण मनाला येईल तेव्हा लेझीम वाजवू लागला, तर केवळ गोंगाट होईल. दोन ठोक्यांमध्ये सर्वजण थांबतात, म्हणून पुढचा ठोका एकत्र पडतो. मेंदूतही विरामाचे महत्त्व असेच आहे. फरक इतकाच, की तेथे शिट्टी वाजवणारा कोणी म्होरक्या नसतो. लय पेशींच्या परस्परसंबंधांतूनच उगवते.

तिचे टप्पे असे : प्रथम काही पिरॅमिड पेशी कार्यरत होतात आणि टोपली पेशींना उत्तेजित करतात. काही सहस्रांश सेकंदांतच टोपली पेशी उलट त्या परिसरातील सर्व पिरॅमिड पेशींना रोखतात. गॅबाचा परिणाम हळूहळू ओसरतो. तो सर्वांवर एकाच वेळी सुरू झालेला असल्याने ओसरतोही जवळजवळ एकाच वेळी. साहजिकच पिरॅमिड पेशी पुन्हा एकत्र कार्यरत होतात. हे चक्र सुमारे २५ सहस्रांश सेकंदांत पूर्ण झाल्यास सेकंदाला ४० आवर्तने होतात. साधारणतः ३० ते ८० हर्ट्झच्या या लयीस गॅमा लय म्हणतात. २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत प्रकाशाच्या साहाय्याने टोपली पेशींसारख्या जलद निरोधक पेशी उद्दीपित केल्या असता गॅमा लय वाढल्याचे आढळले.

एकत्र आलेले संदेश पुढच्या पेशीवर अधिक प्रभाव पाडतात, म्हणून या लयीचा संबंध अवधान व संवेदन यांच्याशी जोडला जातो. मात्र ही लय त्या प्रक्रियांचे कारण आहे की केवळ खूण, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

३.५ समतोल ढळल्यास

अपस्माराच्या झटक्यातही असंख्य पेशी एकत्र कार्यरत होतात. मग निरोगी लयीत आणि झटक्यात भेद कोणता? निरोगी लय मर्यादित क्षेत्रात असते व प्रत्येक आवर्तनात तिला विराम असतो. झटक्यात हा आवर सुटतो आणि उत्तेजन अनिर्बंध पसरते. अपस्माराची कारणे अनेक असली, तरी उत्तेजन व निरोधन यांचा समतोल ढळणे हे त्यांतील महत्त्वाचे सूत्र आहे. डायझेपामसारखी औषधे गॅबाचा परिणाम वाढवून झटका थांबवण्यास साहाय्य करतात.

आपल्याकडे फिट आलेल्या व्यक्तीला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची प्रथा आढळते. वरील विवेचन लक्षात घेता ती निरर्थक आहे, हे स्पष्ट होईल. अशा वेळी व्यक्तीला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी. अपस्मार हा दैवी कोप नव्हे, तसेच तो कोणाचा दोषही नव्हे.

३.६ सारांश

निरोधक चेतापेशी संख्येने अल्प असल्या, तरी विशिष्ट जोडणीमुळे त्या बाह्यकातील क्रियेला मर्यादा आणि लय देतात. मेंदूचे कार्य जसे उत्तेजनावर, तसेच योग्य वेळी मिळणाऱ्या विरामावरही अवलंबून असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. टोपली पेशी व मार्टिनॉटी पेशी यांच्या कार्यातील फरक सांगा.
२. गॅमा लय निर्माण होण्याचे टप्पे स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. 'थांबण्यामुळे एकत्र येणे शक्य होते', हे विधान मेंदूच्या संदर्भात स्पष्ट करा.