धातुदर्शन : काय पाहायचं?

आपल्या मराठीत धातू म्हणजे तांबं, लोखंड. पालीत मात्र धातू म्हणजे थोरांच्या अस्थी, अवशेष. ते ज्याच्या पोटात ठेवले, तो धातुगर्भ म्हणजेच स्तूप.

तिबेटी केंद्रात असं दर्शन ठेवलेलं असेल तर जरूर जा. २००१ पासून मैत्रेय प्रकल्पाने असे अवशेष देशोदेशी नेले होते. लहानशा काचपात्रात मोहरीएवढे, मोत्यासारखे दाणे दिसतात. तिबेटीत त्यांना ‘रिंगसेल’ म्हणतात. साधकाच्या चितेच्या राखेत ते सापडतात, अशी श्रद्धा. लोक उजवीकडून प्रदक्षिणा घालतात, डोकं टेकवतात.

आता तुम्ही विचाराल, हे खरे कशावरून? अवश्य विचारा. पण एक ध्यानात घ्या. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध आनंदाला सांगतात, की माझ्या देहाच्या पूजेत भिक्षूंनी गुंतू नये, स्वतःच्या साधनेला लागावं. आणि पुढे काय झालं? त्याच अस्थींवरून राजे हमरीतुमरीवर आले. शेवटी द्रोण ब्राह्मणाने आठ समान वाटे केले, तेव्हा भांडण मिटलं.

म्हणून त्या दाण्यांपुढे काही मागू नका. बुद्धाचाही देह राहिला नाही, एवढं आठवा. मग घरी जाऊन आपलं काय करायचं राहिलंय, ते बघा.