बसऱ्यापुढची रसद

दुबईची खाडी जिथे वाळवंटात शिरून संपते, तिथे रास अल खोर आहे. एका अंगाला खारफुटी आणि फ्लेमिंगोंचे थवे, दुसऱ्या अंगाला गोदामे, वर्कशॉप आणि ट्रकांच्या रांगा. भारतातून दुबईच्या जबेल अली बंदरात येणारी मालवाहू जहाजे होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडून येतात. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर 1914 मध्ये, तुर्कांशी लढायला मुंबईहून निघालेली ब्रिटिश-हिंदी फौजही तीच सामुद्रधुनी ओलांडून आखातात शिरली होती. ती होती 6व्या पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी आणि तिच्यात 117वी मराठा पलटण होती. पुढे 103वी आणि 110वी याही मराठा पलटणी तिथे पोहोचल्या.

आखातातला समुद्रमार्ग ब्रिटिशांच्या मुठीत होता. दुबईसह किनाऱ्यावरच्या शेखांनी 1892च्या करारानुसार परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांच्या हाती दिले होते. पण ही मैत्री धाकातली होती. डिसेंबर 1910 मध्ये शस्त्रांच्या झडतीसाठी ‘हायसिंथ’ या ब्रिटिश युद्धनौकेचे सैनिक दुबईत उतरले आणि चकमकीत 37 दुबईकर मारले गेले.

फौजेचा घात मात्र समुद्रावर झाला नाही. तो झाला बसऱ्याच्या पुढे, टायग्रिस नदीवर.

नोव्हेंबर 1914 मध्ये तुर्कांच्या ताब्यातले बसरा पडले आणि फौज नदीकाठाने वर सरकत राहिली. बसऱ्यात मोठ्या जहाजांसाठी धड धक्का नव्हता, रेल्वे नव्हती, पक्का रस्ता नव्हता. उथळ, वळणावळणाच्या नदीत सपाट तळाच्या बोटीच चालत, आणि त्या कधीच पुरेशा नव्हत्या. हिंदुस्थानातून ओढत आणलेल्या काही बोटी वाटेत समुद्रातच बुडाल्या. तरीही जनरल टाऊनशेंड यांना बगदादकडे धाडण्यात आले.

22 नोव्हेंबर 1915 रोजी बगदादजवळच्या टेसिफोनला त्यांची आगेकूच थांबली. चार हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले. जखमींना घेऊन ‘मेजिदिया’ बोट बसऱ्याला आली, तेव्हा डॉक्टर मेजर कार्टर यांना तिच्या कडांवरून दोर लोंबताना दिसले. बोट जवळ आल्यावर कळले, ती वाळलेली विष्ठा होती. जखमींना हलता येत नव्हते आणि त्यांच्याकडे पाहायला पुरेशी माणसे नव्हती. कार्टर यांनी हे लेखी कळवले, तर वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली.

टाऊनशेंड यांची फौज माघार घेऊन टायग्रिसकाठच्या कूत-अल-अमाराला थांबली आणि 7 डिसेंबरला तिथे तिला तुर्कांचा वेढा पडला. तो जवळपास पाच महिने चालला. शिधा घटत गेला. घोड्याचे मांस खायला अनेक हिंदी सैनिकांनी धर्मभयाने बराच काळ नकार दिला. भाजीपाल्याअभावी स्कर्व्ही पसरला. विमानांतून पोती टाकण्यात आली, त्यांतली काही नदीत पडली. 24 एप्रिल 1916च्या रात्री 270 टन धान्यसामग्री घेऊन ‘जुलनार’ बोट तुर्की गोळीबारातून निघाली, पण ती अडकली आणि शत्रूच्या हाती लागली. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत सुमारे 23,000 सैनिक ठार वा जखमी झाले होते. 29 एप्रिलला सुमारे 13,000 जणांनी शरणागती पत्करली.

आणि मित्र? रशियन सेनापती बारातोव इराणातून कूच करत होते. त्यांच्याकडून तुर्कांवर दबाव येईल, ही आशा शेवटपर्यंत होती. त्यांचे कोसॅक घोडेस्वार टायग्रिसकाठी ब्रिटिशांना येऊन भेटले खरे, पण मे महिन्यात, कूत पडल्यानंतर. रशियनांनी दगा दिला असे म्हणता येणार नाही. त्यांचाही मार्ग डोंगरांतून आणि शत्रूच्या प्रदेशातून होता. मित्राच्या हेतूइतकीच त्याची वाटही तपासावी लागते, आणि ते इथे झाले नाही.

1917च्या मेसोपोटेमिया आयोगाने हिंदुस्थान सरकारच्या काटकसरीवर आणि बेपर्वाईवर ठपका ठेवला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. तोवर नवे सेनापती जनरल मॉड यांनी बसरा बंदर, बोटी आणि रेल्वे यांची घडी बसवून मगच चढाई केली होती. 11 मार्च 1917 रोजी बगदाद पडले. मराठा पलटणींतल्या सैनिकांच्या सातारा-रत्नागिरीकडच्या अनेक घरांसाठी हा विजय उशिरा आला.

रास अल खोरच्या गोदामांना आज रसदीच्या वाटेचा हाच हिशेब लागू आहे. अमिरातीतली हबशान ते फुजैरा ही तेलवाहिनी 2012पासून होर्मुझला वळसा घालते, पण तिच्यातून फक्त तेल जाते. सामुद्रधुनी बंद पडली, तर अन्न आणि औषधे तिच्या बाहेरच्या फुजैरा किंवा खोर फक्कान बंदरात उतरवून डोंगरातल्या रस्त्यांनी ट्रकने आणावी लागतील. म्हणून बंदरांच्या क्षमतेबरोबर ट्रक, चालक आणि साठवणुकीची तजवीज शांततेतच व्हायला हवी. लाखो भारतीयांचा, त्यांतल्या मराठी कुटुंबांचाही, रोजचा शिधा त्याच वाटेने यायचा आहे.