गिधाडं मोजताना ढोरंही मोजा

सप्टेंबरचा पहिला शनिवार म्हणजे आंतरराष्ट्रीय गिधाड जनजागृती दिन. वनखात्याचे कार्यक्रम होतात, शाळांत चित्रं रंगतात. ताडोबातून सोडलेल्या गिधाडांची आठवणही या दिवशी हमखास निघते. हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली २० गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली गेली. पाठीवर जीपीएस यंत्र बसवून पुढे ती मोकळी सोडली. त्यातलं ‘एन-११’ नावाचं गिधाड सुमारे ४,००० किलोमीटर भटकत तमिळनाडूत पोहोचलं आणि विजेच्या धक्क्यानं मेलं. ही बातमी वाचून अनेकांना हळहळ वाटली, ते चांगलंच झालं. पण ज्यांच्या पाठीवर यंत्र नाही, ज्यांना क्रमांक नाही आणि जी कोणाच्याही मदतीशिवाय अजून आपल्या सीमेवर तग धरून आहेत, त्या रानातल्या गिधाडांसाठी ही हळहळ फारशी उरत नाही.

अशी गिधाडं महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवरच्या प्राणहिता नदीच्या काठावर आहेत. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरच्या बेल्लमपल्ली या कोळशाच्या गावाहून उत्तरेला निघालं की आसिफाबाद लागतं, मग कागजनगर. तिथून पूर्वेला बेज्जूरचं राखीव जंगल नदीपर्यंत जातं. हा सगळा मुलूख एकेकाळी एकच आदिलाबाद जिल्हा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. बेल्लमपल्ली मंचेरियालमध्ये गेलं, तर बेज्जूर कोमरम भीम आसिफाबादमध्ये. याच बेज्जूरच्या जंगलात, पेद्दवागू प्राणहितेला मिळते त्या परिसरात, पालरापू नावाचा उभा कडा आहे. तेलंगणातून गिधाडं संपली असं जवळपास सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. २०१३ मध्ये या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत वनखात्याला आढळली. पुढच्या काही वर्षांत तिथं तिसेक पक्ष्यांपर्यंत नोंदी झाल्या. नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र.

अशा कड्यावरची पाहणी हे चिकाटीचं काम आहे. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत घरटं करतं आणि वर्षाला एकच अंडं घालतं. अंडं दीडेक महिन्याहून जास्त उबवावं लागतं. पिल्लू उडायला आणखी तीन-चार महिने घेतं आणि स्वतः वीण करण्याजोगं व्हायला त्याला पाचेक वर्षं लागतात. त्यामुळे एकदाच जाऊन डोकी मोजण्यात अर्थ नसतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला कोणत्या कपारीत जोडी बसली आहे ते पाहायचं, नंतर किती घरट्यांत पिल्लं दिसतात ते पाहायचं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला त्यातली किती उडाली याची नोंद करायची. वर्षानुवर्षं वापरात असलेली कपार खडकावर ओघळलेल्या विष्ठेच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून दुरूनही कळते. कड्याच्या फार जवळ जाता येत नाही, कारण घरट्यावरून पाखरू उठलं तर अंडं उघडं पडतं. म्हणून समोरच्या जागेवरून, दुर्बिणीला डोळा लावून, तासन्‌तास बसायचं. हे काम शहरातून दोन दिवसांसाठी आलेल्या अभ्यासकाला एकट्यानं निभत नाही. नदी, पायवाटा आणि पाखरांच्या वेळा ठाऊक असलेला गावातला माणूस लागतोच.

मात्र कड्यावरची संख्या आपल्याला निम्मीच गोष्ट सांगते. गिधाड घरट्यासाठी एक कडा निवडतं आणि पोटासाठी दिवसाला शंभर किलोमीटरचं आकाशही पालथं घालतं. पालरापूच्या पिल्लाला मिळणारा घास तेलंगणातल्या बैलाचा असेल, नाहीतर गडचिरोलीतल्या गाईचा. कड्याला कितीही पहारा दिला, तरी त्या घासात काय आहे हे पहारेकऱ्याला दिसत नाही.

त्या घासात काय होतं, हे कळायला जगाला फार उशीर झाला. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांना नव्वदच्या दशकात गिधाडं माना टाकून बसलेली आणि मेलेली दिसू लागली. अनेकांना संसर्गाचा संशय होता. पाकिस्तानच्या पंजाबात काम करणारे अमेरिकी पशुवैद्य लिंडसे ओक्स यांनी मेलेल्या पक्ष्यांची चिरफाड केली. मूत्रपिंडं निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर, असं त्यांना दिसलं. विषाणू, जड धातू, कीटकनाशकं असे सगळे संशयित त्यांनी एकेक करून बाद केले. मग त्यांनी प्रश्नाची दिशा बदलली. गिधाडाचं अन्न म्हणजे मेलेली गुरं; तर या गुरांना हल्ली कोणतं नवं औषध दिलं जातं? उत्तर निघालं डायक्लोफिनॅक, गुरांच्या दुखण्यावरचं स्वस्त इंजेक्शन. २००४ मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये छापून आलं. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी आणि लांब चोचीची सुमारे ९७ टक्क्यांनी घटली होती.

ओक्स यांच्या शोधापाठोपाठ झालेलं एक गणित मला त्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं. गिधाडं इतक्या वेगानं संपायला किती ढोरांत विष असावं लागतं? संशोधकांनी काढलेलं उत्तर असं: दर ७६० मृत ढोरांमागे एक ते दर १३० मागे एक. म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. गिधाडं थव्यानं जेवतात. इंजेक्शन दिल्यानंतर दोन-तीन दिवसांत मेलेलं एक ढोर अख्खी पंगत संपवू शकतं. एका तालुक्यात हजार गुरांपैकी ९९५ गुरांना निर्धोक औषध मिळालं आणि पाच गुरांना चुकीचं मिळालं, तर पशुसंवर्धनाच्या अहवालात ते मोठं यश ठरेल. गिधाडांसाठी ती हार असते. गिधाडांच्या बाबतीत ‘बहुतेक ठिकाणी बंदी पाळली जाते’ हे वाक्य मी समाधानानं वाचू शकत नाही, ते याच कारणानं.

बंदी आहेच. गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक २००६ मध्ये थांबलं. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनच्या कुपीला ३ मिलिलिटरची मर्यादा आली. डायक्लोफिनॅकच्या जागी बाजारात आलेल्या औषधांतलीही काही गिधाडांना घातक निघाली. एसिक्लोफिनॅक गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, तरीही त्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ चा जुलै उजाडला. निमेसुलाईडवरची बंदी त्यानंतरची. एकेका औषधामागे वर्षं गेली, आणि तेवढी वर्षं ते औषध खेड्यातल्या गोठ्यात वापरात राहिलं. वास्तविक मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध २००६ पासून हाताशी आहे, गुरांना गुण देतं आणि दुकानात मिळतं. औषध गुरांसाठी बाजारात येण्याआधीच ते गिधाडांवर तपासलं जावं, ही साधी अट अजूनही आपण घातलेली नाही.

आता नदीच्या अलीकडे या. गडचिरोलीत मुख्यतः पांढऱ्या पाठीची गिधाडं. त्यांना कडा लागत नाही, उंच झाडं लागतात, आणि ती झाडं अनेकदा अभयारण्याच्या बाहेर गावाच्या वेशीवर असतात. वनखात्यानं इथं कुनघाडा, मार्कंडा अशा भागांत गिधाडांची उपाहारगृहं उभारली. कुंपण घातलेली मोकळी जागा, तिथं औषधमुक्त मृत जनावर टाकायचं आणि पाखरांना निर्धास्त जेवू द्यायचं. गावातल्या तरुणांतून ‘गिधाड मित्र’ निवडले गेले. घरटी कुठं आहेत, झाड तोडलं जातंय का, कोणतं पिल्लू खाली पडलं, याची नोंद ते ठेवू लागले. नाशिककडे हरसूलजवळच्या खोरीपाड्यात गावकऱ्यांनी वनखात्याबरोबर असंच उपाहारगृह चालवलं. रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावात प्रेमसागर मेस्त्री यांच्या ‘सिस्केप’ संस्थेनं गावाला सोबत घेऊन गिधाडं जपली. जिथं गाव सोबत आलं तिथं काम टिकलं, हे या ठिकाणांकडे पाहून मी खात्रीनं म्हणतो.

गाव सोबत आलं, असं आपण सहज लिहून जातो. ढोर ओढून नेणार कोण, हा प्रश्न मात्र बहुतेक अहवालांत नसतो. महाराष्ट्रात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. मेलेली गुरं ओढणं हे काम जातीनं काही माणसांच्या माथी मारलं गेलं होतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस खाणं सोडण्याचं आवाहन केलं, आणि त्या लढ्यातून गावोगाव लोकांनी ढोर ओढण्याचं काम नाकारलं. तो नकार स्वाभिमानाचा होता आणि पूर्णपणे न्याय्य होता. आज निसर्गरक्षणाच्या नावाखाली तेच काम त्याच वस्तीकडे बिनबोभाट परत जात असेल, तर अशा संवर्धनाला माझा विरोध राहील. मृत जनावर उचलायला वाहन, हातमोजे, पशुवैद्याचा दाखला आणि महिन्याच्या महिन्याला पगार हवा. हे काम ग्रामपंचायतीचं किंवा वनखात्याचं असावं, कोणत्याही जातीचं नसावं. गिधाड मित्राचं मानधन महिनोन्‌महिने थकू नये, हीदेखील संवर्धनाचीच अट आहे.

या खर्चाबद्दल कुणाला शंका असेल, तर अर्थशास्त्रज्ञ इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा २०२४ मधला अभ्यास पाहावा. जिथं पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि जिथं मुळातच कमी होती, अशा जिल्ह्यांतल्या मृत्युदरांची त्यांनी तुलना केली. गिधाडं गेल्यानंतर कुजणारी ढोरं, भटकी कुत्री, रेबीज आणि दूषित पाणी वाढलं. २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे ५ लाख जादा माणसं मेली, असा त्यांचा अंदाज आहे. एवढ्या आकड्यापुढे वाहन आणि हातमोजे यांचा खर्च मोजण्याइतकाही नाही.

प्राणहितेच्या खोऱ्यात आणखी एक धोका आहे. ताडोबाकडून कागजनगरकडे वाघ येतात, ही आनंदाची बाब. वाघाच्या शिकारीचं मांस औषधमुक्त असतं, ते गिधाडांनाही पोसतं. पण वाघानं गाय मारली की संतापलेला माणूस कधी त्याच गाईवर विष टाकतो. जानेवारी २०२४ मध्ये कागजनगरच्या जंगलात वाघ मेले, त्यातही विषप्रयोगाचा संशय होता. असं मांस आधी गिधाडांच्या नजरेस पडलं, तर एका दिवसात वसाहत रिकामी होईल. गाय गेलेल्या गुराख्याला आठवडाभरात भरपाई मिळाली, तर विषाच्या पुडीकडे त्याचा हात जाणार नाही. वाघासाठी मागितली जाणारी ही भरपाई गिधाडांसाठीही तितकीच गरजेची आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गडचिरोली आणि आसिफाबादच्या वनाधिकाऱ्यांनी एकाच दिवशी, दोन्ही काठांवर, एकाच पद्धतीनं गिधाडं मोजावीत. त्याच आठवड्यात दोन्हीकडच्या पशुवैद्यकीय यंत्रणेनं मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने घ्यावेत आणि तालुक्याच्या औषध दुकानांत खरेदीदार बनून कोणतं इंजेक्शन हातात पडतं ते तपासावं. दोन्ही नोंदी एकाच कागदावर, मराठीत आणि तेलुगूत, गावसभेसमोर वाचल्या जाव्यात. पालरापूच्या कपारीत किती जोड्या बसल्या हे कळण्याइतकंच, त्या जोड्यांच्या टप्प्यात गेल्या वर्षी किती ढोरांत विष निघालं हे कळणं आवश्यक आहे. पिंजोरहून आणखी पक्षी आणून सोडायचे असतील तर जरूर सोडावेत. पण आधी या खोऱ्यातलं एक तरी वर्ष असं दाखवा, की तपासलेल्या एकाही ढोरात गिधाडाला मारणारं औषध सापडलं नाही. ते साधेपर्यंत सोडलेल्या प्रत्येक पक्ष्याचा जीव आपण टांगणीला लावत आहोत.