नवस आपला, परीक्षा देवाची

पौष पौर्णिमा जवळ आली की भोरहून मांढरदेवीकडे चढणाऱ्या घाटात जीपगाड्यांची रीघ लागते. काळूबाईचे देऊळ सातारा जिल्ह्यात, वाई तालुक्यात. पण भोर-वेल्ह्यातल्या कितीतरी घरांचा नवस तिच्यापाशीच बोललेला असतो. मूल झाले, दुखणे उतरले, जमिनीचा दावा सुटला, की फेडायला निघायचे. कोंबडा, ऐपत असेल तर बोकड. 25 जानेवारी 2005 रोजी याच यात्रेत निसरड्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली आणि अडीचशेहून अधिक भाविक प्राणाला मुकले. पुढे न्यायमूर्ती कोचर यांचा आयोग बसला, देवस्थानाच्या परिसरात पशुबळीला बंदी आली. कापणे बंदीने थांबवता येते. आईनेच बोकड मागितला आहे, या समजुतीचे काय करायचे?

देव खरेच काही मागतो का, आणि मागत असेल तर ज्याची भक्ती त्याला ठाऊक आहे त्याच्याकडेच कशासाठी? हा प्रश्न घेऊन आपल्या कथा-पुराणांकडे गेले की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की नवस आणि परीक्षा यांचे नातेच उलटे आहे. नवसात अट आपण घालतो: तू हे कर, मग मी ते देईन. गीतेने भक्तांचे चार प्रकार सांगितले, त्यांतला अर्थार्थी तो हाच. त्याला कमी लेखायचे कारण नाही. डोंगरात पाऊस, साप आणि आजारपण यांच्याशी गाठ असलेल्या माणसाने आणखी कोणाशी करार करायचा? परीक्षेत मात्र अट देव घालतो, आणि बदल्यात काय मिळेल याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मराठी घरांना अशी परीक्षा माहीत झाली ती श्रियाळ-चांगुणेच्या गोष्टीतून. श्रीधरस्वामींनी 1718 साली बारामतीत, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात, ‘शिवलीलामृत’ पुरे केले. त्याच्या चौदाव्या अध्यायात ही कथा आहे. शंकर अतिथीच्या रूपाने दारात येतो आणि श्रियाळाच्या एकुलत्या एक मुलाचे, चिलयाचे, मांस जेवायला मागतो. आईबाप तयार होतात. चांगुणा मुलाचे शिर पाहण्यासाठी मागे ठेवते, तर अतिथी तेही मागतो. ते उखळात कांडायचे, आणि डोळ्यांत पाणी येऊ न देता गात कांडायचे. पान वाढल्यावर म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही. शेवटी तो चांगुणेला मुलाला हाक मारायला लावतो आणि चिलया धावत येतो.

ही कथा दक्षिणेकडून आलेली आहे. तमिळ शैवांच्या त्रेसष्ट नायन्मारांत सिरुत्तोंडर आहेत. सेक्किळारांनी बाराव्या शतकात रचलेल्या ‘पेरियपुराणम्’मध्ये भैरवाच्या वेशातला शिव त्यांच्याकडे सीराळ या मुलाचे मांस मागतो. सीराळपासून श्रियाळ व्हायला फार लांबचा प्रवास लागत नाही, फक्त वाटेत मुलाचे नाव बापाला मिळाले. परंपरा सांगते की हे सिरुत्तोंडर पूर्वायुष्यात पल्लवांचे सेनापती होते आणि चालुक्यांची वातापी, आजची बदामी, त्यांनी उद्ध्वस्त केली. मला हा तपशील फार बोलका वाटतो. ज्याने दुसऱ्यांची किती मुले मारली त्याची गणती नाही, त्याच्याकडे देव त्याचे स्वतःचे मूल मागतो. मराठी कथेत ही पार्श्वभूमी गळून गेली. उरला सत्त्वशील राजा आणि त्याची बायको.

अशीच कथा यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लीम परंपरेत अब्राहमची, म्हणजे इब्राहिमची आहे. म्हातारपणी झालेला मुलगा देव मागतो, सुरी उचलली जाते आणि ऐन वेळी मुलाच्या जागी मेंढा येतो. बकरी ईद ही त्याचीच आठवण. कुराणात तर स्पष्टच म्हटले आहे की बळीचे मांस आणि रक्त अल्लापर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची निष्ठा.

का, या प्रश्नाला कीर्तनकार सहसा दोन उत्तरे देतात. एक, देवाला सगळे कळते, पण भक्ताला स्वतःचे कळलेले नसते. दुसरे, भक्ताची थोरवी जगाला दिसावी म्हणून. दुसरे उत्तर मला पटत नाही; जगाला दाखवण्यासाठी आईला मुलाचे डोके कांडायला लावणारा देव कोणाला हवा आहे? पहिल्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. या कथांत देव नेमके तेच मागतो जे त्याच्याकडून मिळाले म्हणून माणूस त्याला भजू लागला असेल. एकुलता एक मुलगा, उतारवयातला मुलगा. दिलेली वस्तू काढून घेतल्यावर देणाऱ्याबद्दल काही उरते का, एवढेच पाहायचे असते. म्हणजे परीक्षा भक्तीतला व्यवहार बाजूला काढते, आणि नवस तो लिहून ठेवतो.

तरी एक आक्षेप राहतोच. चिलयाचा जीव श्रियाळाच्या मालकीचा नव्हता. परीक्षा बापाची, मान मुलाची. हा आक्षेप आपल्याकडे बायकांनी आधीच घेतलेला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी मुळशी, वेल्हे आणि आसपासच्या डोंगरी गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे तो संग्रह लाखावर गेला. त्या ओव्यांत सीतेचा वनवास पुन्हापुन्हा येतो, आणि दळणाऱ्या बाया रामाच्या कसोटीच्या बाजूने नसतात, सीतेच्या बाजूने असतात.

स्वतःचे द्यायचे असेल तर काय होते, हे पाहायला भोरपासून थोडे पुढे कारीला जावे. रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे इथले. 1659 च्या जूनमध्ये आदिलशहाचे फर्मान आले: अफजलखानाला मिळा, नाहीतर परिणाम भोगा. शेजारच्या उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कान्होजी पाच मुलांना घेऊन शिवाजीराजांकडे गेले आणि फर्मान समोर ठेवले. राजांनी त्यांना सोपा रस्ता दाखवला. इतर गेले तसे तुम्हीही जा, वतन वाचवा. कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले. जेधे करीन्यात, म्हणजे त्यांच्या घराण्याच्या हकिकतीत, हा प्रसंग आहे. मावळात वतन म्हणजे जमीन, मान, लग्नसंबंध, गावदेवाच्या यात्रेतला पहिला नारळ, सगळेच. त्यासाठी भावाभावांनी खून पाडले, उकळत्या तेलात हात घालून रव्याची दिव्ये केली. शहाजीराजांना दिलेल्या शब्दापुढे कान्होजींनी ते सोडले, आणि त्या क्षणी प्रतापगडाखाली काय होणार हे कोणालाच माहीत नव्हते. खान 10 नोव्हेंबरला मारला गेला. पुढे खोपडे सापडले तेव्हा त्यांच्या जिवासाठी रदबदली करायला गेले ते कान्होजीच. परीक्षेत उतरलेल्या माणसाची हीच खूण मानावी, असे मला वाटते.

भोरजवळच्या आंबवड्यात मात्र दुसऱ्या टोकाची गोष्ट आहे. नागेश्वराच्या देवळाच्या परिसरात शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. भोर संस्थानाचे हे मूळ पुरुष. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात त्यांनी मुलूख राखला आणि नंतर ताराबाईंशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांकडून सुटून आले, तेव्हा एकीकडे शपथ आणि दुसरीकडे संभाजीराजांचा मुलगा. त्यांनी इथे जीवन संपवले. हिरकणी खाऊन असे एक परंपरा सांगते, जलसमाधी घेऊन असे दुसरी. त्याला बलिदान म्हणून मिरवू नये. वंश मात्र टिकला आणि सचिवपद त्याच घराण्यात राहिले. कथेत देव ऐन वेळी मेंढा पाठवतो किंवा मुलाला परत आणतो. आंबवड्यात तसे कोणी आले नाही.

या मापाने आपला नवसाचा बोकड कुठे बसतो? बाजारातून विकत आणलेला, काही हजारांचा, आणि संध्याकाळी पंगतीला वाढला जाणारा. यजमानाचे त्यात काय गेले? पैसे गेले, ते तर लग्नातही जातात. मी शाकाहाराचा प्रचार करत नाही. मावळात जत्रेचे मटण हा वर्षातला मोठा आनंद आहे आणि तो आनंद म्हणूनच खावा. पण त्याला त्याग म्हणू नये, आणि देवीने मागितला असे तर मुळीच म्हणू नये. 2013 साली महाराष्ट्राला नरबळीविरुद्ध कायदा करावा लागला, तो याच समजुतीच्या शेवटच्या टोकासाठी.

यंदा पौषात भोरमार्गे काळूबाईला जाणार असाल, तर येताना आंबवड्याला आणि कारीला थांबा. नवस बोलायचाच असेल तर जे आपल्या एकट्याचे आहे आणि सोडताना आपल्यालाच जड जाईल, असे काहीतरी बोला. दारू म्हणा, भावावरचा बांधाचा दावा म्हणा. आणि पौर्णिमेची गर्दी टाळून आधी किंवा नंतर जा.