आंतरजालावरील कला, स्त्रीवाद आणि मुक्त जालसंस्कृती

प्रस्तावना

आंतरजाल सर्वांसाठी खुले आहे, हे विधान १९९० च्या दशकापासून सातत्याने केले जात आहे. संगणक आणि जोडणी असलेली कोणतीही व्यक्ती आपले लेखन, चित्र वा ध्वनी कोणाच्याही परवानगीवाचून जगापुढे मांडू शकते, या शक्यतेने त्या काळातील अनेक कलावंत भारावून गेले होते. तथापि प्रवेश खुला असणे आणि समान स्थान मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद स्त्रीवादी कलावंतांनी केवळ निबंधांतून नव्हे, तर प्रत्यक्ष कलाकृतींतून दाखवून दिला. जर्मन कलावंत कॉर्नेलिया झोलफ्रांक यांच्या दोन कलाकृतींच्या आधारे तो स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जालकला आणि सायबर-स्त्रीवाद

जालकला म्हणजे संकेतस्थळावर मांडलेली चित्रे नव्हेत. दुवे, ब्राउझर, शोधयंत्रे, ई-मेल ही जालाची साधनेच जिचे माध्यम बनतात, ती जालकला होय. रशियन कलावंत ओल्या लियालिना यांच्या १९९६ मधील ‘माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर’ या कलाकृतीत वाचकाने टिचकी देताच पडद्यावरील चौकटी विभागत जातात आणि युद्धावरून परतलेला प्रियकर व त्याची प्रेयसी यांच्यातील तुटक संवाद उलगडतो. येथे तांत्रिक रचना हाच आशय आहे.

याच दशकात सायबर-स्त्रीवाद ही संज्ञा रूढ झाली. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील ‘व्हीएनएस मॅट्रिक्स’ या चार स्त्रियांच्या गटाने १९९१ मध्ये आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. १९९७ मध्ये बर्लिन येथे ‘ओल्ड बॉइज नेटवर्क’ ही संघटना स्थापन झाली. झोलफ्रांक तिच्या संस्थापकांपैकी एक होत्या. प्रतिष्ठित पुरुषांनी परस्परांना पदे आणि संधी मिळवून देण्याच्या व्यवहाराला इंग्रजीत जे नाव आहे, तेच स्त्रियांच्या संघटनेने धारण केले, यातील उपरोध उघड आहे. त्याच वर्षी कासेल येथील दहाव्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात या संघटनेने पहिली आंतरराष्ट्रीय सायबर-स्त्रीवादी परिषद भरविली. तेथे सायबर-स्त्रीवादाची व्याख्या करण्याऐवजी ‘तो काय नाही’ हे सांगणारी १०० विधाने मांडण्यात आली.

‘फीमेल एक्स्टेन्शन’ : संख्या आणि निवाडा

१९९७ मध्येच हँबुर्ग येथील कुन्स्टहाले या कलासंग्रहालयाने ‘एक्स्टेन्शन’ नावाची जालकलेची स्पर्धा जाहीर केली. झोलफ्रांक यांनी दोनशेहून अधिक काल्पनिक स्त्री कलावंत निर्माण केल्या, त्यांना नावे, पत्ते व ई-मेल दिले आणि त्यांच्या वतीने प्रवेशिका पाठविल्या. या प्रवेशिकांतील कलाकृतीही हाताने घडविलेल्या नव्हत्या. जालावरील पृष्ठांचे तुकडे गोळा करून ते नव्याने जुळविणाऱ्या एका संगणकीय आज्ञावलीने त्या तयार केल्या होत्या.

संग्रहालयाने २८० प्रवेशिका आल्याचे व त्यांपैकी दोन तृतीयांश स्त्रियांच्या असल्याचे समाधानाने घोषित केले. प्रत्यक्षात तिन्ही पारितोषिके पुरुषांना मिळाली. निकालानंतर झोलफ्रांक यांनी आपला हस्तक्षेप उघड केला.

यावर एक आक्षेप संभवतो : यंत्राने जुळविलेल्या कृतींना पारितोषिक न मिळणे हा अन्याय कसा? हा आक्षेप योग्यच आहे. या कृतीने परीक्षकांचा पक्षपात सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की अर्जदारांतील स्त्रियांचे प्रमाण कितीही वाढले, तरी मूल्यमापनाचे निकष आणि अधिकार त्यामुळे आपोआप बदलत नाहीत. संस्थेने मात्र त्या प्रमाणालाच समतेचा पुरावा मानले होते.

फुलांचे चित्र : उसनवारी कोणाची, कर्तृत्व कोणाचे?

या प्रयोगातील आज्ञावलीतूनच पुढे ‘नेट.आर्ट जनरेटर’ ही कलाकृती विकसित झाली. वापरकर्त्याने शीर्षक दिले, की हे यंत्र शोधयंत्राच्या साहाय्याने जालावरील सामग्री घेऊन नवी प्रतिमा जुळविते. अशा रीतीने अँडी वॉरहॉल यांच्या फुलांच्या चित्रांवरून तयार झालेल्या प्रतिमांचे बाझेल येथे २००४ मध्ये होणारे प्रदर्शन प्रताधिकारभंगाच्या भीतीने रद्द करण्यात आले.

या प्रसंगाला एक पूर्वेतिहास आहे. वॉरहॉल यांची १९६४ मधील ‘फ्लॉवर्स’ ही चित्रमालिकाच मुळात पॅट्रिशिया कॉलफील्ड या छायाचित्रकर्तीच्या जास्वंदीच्या फुलांच्या छायाचित्रावर आधारलेली होती. परवानगी न घेतल्यामुळे कॉलफील्ड यांनी १९६६ मध्ये दावा दाखल केला आणि तो न्यायालयाबाहेर मिटविण्यात आला. म्हणजे ज्या चित्रांच्या मौलिकतेचे रक्षण करण्यासाठी २००४ मध्ये प्रदर्शन थांबले, ती चित्रे स्वतःच उसनी होती.

मुक्त जालसंस्कृती प्रताधिकाराच्या अशा वापरावर टीका करते आणि ज्ञान व कला सर्वांची असावी असे मानते. स्त्रीवादी दृष्टी येथे आणखी एक प्रश्न जोडते. ज्यांचे कर्तृत्व मान्य झाले आहे, त्यांनी नावाचा आग्रह सोडणे हे औदार्य ठरते. ज्यांचे नाव कधी नोंदलेच गेले नाही, त्यांनी तो सोडला तर जुनीच अनामिकता कायम राहते.

मुक्त आज्ञावली आणि सहभाग

मुक्त आज्ञावलीची चळवळ सोर्स कोड पाहण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य देते. यात लिंगभेदाला कोणताही औपचारिक आधार नाही. तरीही युरोपीय संघाच्या साहाय्याने झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लॉसपोल्स’ अभ्यासात या समुदायातील स्त्रियांचे प्रमाण सुमारे १.५ टक्के, तर व्यापारी आज्ञावली-उद्योगात ते सुमारे २८ टक्के असल्याचे आढळले. नियम नसणे म्हणजे भेद नसणे नव्हे. विनावेतन कामासाठी लागणारा मोकळा वेळ आणि चर्चेतील आक्रमक भाषा यांसारखे अलिखित अडसर अधिक परिणामकारक ठरतात. म्हणूनच २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘आर्ट प्लस फेमिनिझम’ या उपक्रमाने विकिपीडियावर स्त्री कलावंतांच्या नोंदी वाढविताना एकत्र बसून संपादन शिकविण्याची पद्धत स्वीकारली. खुल्या दारापर्यंत येण्याची वाटही घडवावी लागते, ही जाणीव त्यामागे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की मोकळेपणा हा तंत्रज्ञानाचा अंगभूत गुण नसून सातत्याने राखावी लागणारी सामाजिक व्यवस्था आहे. प्रवेश कोणाला, निवाडा कोणाचा, नाव कोणाचे आणि साधने घडविण्याचे ज्ञान कोणाकडे, या चार प्रश्नांवर तिची कसोटी लागते. शैक्षणिक संस्थांनाही हे प्रश्न परके नाहीत. संगणक प्रयोगशाळा वा स्पर्धा सर्वांसाठी खुली असल्याची सूचना फलकावर लावली, की बहुधा केवळ पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते; उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे संस्थेला आपल्या दैनंदिन व्यवहारातून द्यावी लागतात.