संधानघटातील साखर : पेशींचा ऊर्जाव्यवहार आणि आपली अरिष्टे

काही वर्षांपूर्वी ऐन मार्गशीर्षात आम्ही आमच्या लहानशा औषधशाळेत दशमूलारिष्टाचा एक घट घातला होता. गूळ जवळच्याच गुऱ्हाळावरचा, धायटीची फुले नवी, क्वाथ नीट उतरलेला. काही आठवड्यांनी बुडबुडे थांबले, घटाच्या तोंडाशी धरलेली पेटती काडी विझेनाशी झाली, चुन्याची निवळी पांढरी होईना. संधान पूर्ण झाले असे मानून आम्ही अरिष्ट गाळले व बाटल्या भरल्या. चैत्रात ऊन तापू लागले तशी त्यांतील काही बाटल्यांची बुचे उडाली. नुकसान सोसण्याजोगे होते. मनास लागले ते वेगळेच. अरिष्टातला गूळ संधानात संपून जातो, मधुमेह्यास ते खुशाल चालते, असे आम्ही त्याच काळात रुग्णांस निःशंकपणे सांगत होतो. बुचे उडविणारा वायू ज्या साखरेतून निघाला, ती साखर त्या बाटल्यांत होतीच.

ही साखर मुळात साठविलेले सूर्यतेज होय. उसाच्या पानातील हरितलवके प्रकाश शोषून पाण्याचे विघटन करतात आणि त्या ऊर्जेवर हवेतील कार्बन डायऑक्साइड बांधून साखर घडवितात. बहुतेक वनस्पतींत हे बांधणारे वितंचक उष्ण हवेत चुकून प्राणवायूच पकडते आणि श्रम वाया जातात. उसाने त्यावर युक्ती काढली आहे. तो कार्बन आधी चार कार्बनी आम्लात बांधतो आणि मग पानातील शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडतो. तेथे कार्बन डायऑक्साइड इतका दाट होतो की वितंचकाची चूक क्वचितच होते. हा मार्ग 1965 च्या सुमारास हवाईतील ऊस संशोधकांना आणि पाठोपाठ ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांना उलगडला, तोही उसाच्याच पानात. तयार झालेली साखर ऊस कांड्यांतील पेशींत साठवितो. आपल्याकडे थंडीत वाढ मंदावते, साखर खर्च होण्याऐवजी साचते, आणि म्हणूनच गुऱ्हाळे त्या दिवसांत पेटतात. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळही रासायनिकदृष्ट्या बहुतांशी हीच साखर आहे. मधुमेह्यास साखर वर्ज्य सांगून गुळाची मुभा देणाऱ्या वैद्यबंधूंनी हे ध्यानी घ्यावे.

साठविलेली साखर पेशीस जशीच्या तशी वापरता येत नाही. तिची मोड करून एटीपी या रेणूची सुटी नाणी पाडावी लागतात. हे एटीपी 1929 मध्ये जर्मनीत लोमान यांनी आणि हार्वर्डमध्ये फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी शोधले. हे सुब्बाराव अमेरिकेस जाण्यापूर्वी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवीत होते, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? मनुष्यशरीरात कोणत्याही क्षणी एटीपी असते जेमतेम 100 ग्रॅमच्या आसपास; पण तेच पुनःपुन्हा घडून-मोडून विश्रांतीतसुद्धा दिवसाला सुमारे 40 किलो एटीपीची उलाढाल होते. म्हणजे साठा साखरेचा व स्नेहाचा, एटीपीचा नव्हे. चमचाभर चूर्णाने पेशी ‘ऊर्जेने भरतात’ अशा जाहिराती आपल्याही औषधांच्या वेष्टनांवर असतात, त्या यामुळेच निरर्थक ठरतात. तंतुकणिका म्हणजेच धात्वग्नी असे समीकरण मांडण्याचा उत्साहही आम्हांस घाईचा वाटतो. धात्वग्नी ही संकल्पना त्याहून व्यापक आहे.

आता घटाकडे वळू. प्राणवायू असता आपली पेशी ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे 30 एटीपी मिळविते. बंद घटातील किण्वपेशीस मिळतात केवळ 2. तालमीत जोर काढणाऱ्या मल्लाच्या स्नायूंस प्राणवायू अपुरा पडतो तेव्हा त्यांचीही गत हीच. फरक इतकाच की तेथे शेवटी लॅक्टिक आम्ल उरते आणि घटात मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड. प्राप्ती इतकी तुटपुंजी असल्याने किण्व भराभर साखर फस्त करते. मात्र साखरेच्या ज्वलनऊर्जेपैकी सुमारे 97 टक्के मद्यार्कातच शिल्लक राहते. घटात हवा शिरली तर तीच ऊर्जा दुसरे जीवाणू काढून घेतात, मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल होते आणि आपले अरिष्ट शुक्त बनते.

आमच्या घटात मात्र हवा शिरली नव्हती. थंडी शिरली होती. किण्वास 25 ते 35 अंशांची ऊब मानवते. मार्गशीर्षातल्या रात्रींनी ते निपचित पडले. त्यात गुळाचे प्रमाण दाट. दाट द्रावण पेशीतील पाणी ओढून घेते, आणि वाढता मद्यार्क तिला आणखी दुर्बल करतो. अशा वेळी बुडबुडे थांबतात ते साखर संपली म्हणून नव्हे, तर साखर खाणारा थकला म्हणून. काडीची व निवळीची परीक्षा वायू निघतो की नाही एवढेच सांगते. घट धान्यराशीत ठेवण्याच्या शास्त्रवचनाकडे आम्ही जुन्या काळची सोय म्हणून पाहत होतो. धान्य किती ऊब धरते, हे पुढच्या हिवाळ्यात तुसात पुरलेल्या घटाने दाखवून दिले.

किण्व ग्लुकोज आधी संपविते व फ्रुक्टोज मागे ठेवते. म्हणून अर्धवट अरिष्टही गोडच लागते, आणि पूर्ण झालेल्या अरिष्टातही बहुधा काही साखर उरतेच. 100 मिलीत 15 ग्रॅम साखर राहिली असे धरले, तर 20 मिली दोन वेळा घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात रोज 6 ग्रॅम जाते. मात्रा फार नाही, परंतु ‘नाहीच’ म्हणणे असत्य आहे. महिनोन्‌महिने घेणाऱ्याच्या पथ्यात ती मोजावयास हवी. घनतामापकावर विसंबू नये, कारण मद्यार्क पाण्याहून हलका असल्याने वाचन फसवे कमी येते. आता आम्ही प्रत्येक घटाचा नमुना शर्करामापनासाठी प्रयोगशाळेत पाठवितो, अहवाल येईपर्यंत बाटल्या भरीत नाही, आणि मधुमेही रुग्णास शक्य तेथे त्याच द्रव्यांचा क्वाथ लिहून देतो.